मोरीच्या कडेला उगवलेले जव

आमचे हे तुर्भ्याच्या धान्य बाजारात पोती उचलायचे. सानपाड्याच्या घरी आले की दाराबाहेर डोक्यावरची पोत्याची खोळ झटकायचे. दाणे नळाच्या मोरीकडेला पडायचे आणि मी रोज कटकट करायचे, "मुंग्या येतात हो." "येऊ दे की, त्यांनाबी पोट हाय," म्हणायचे. नवरात्र संपलं आणि एका दुपारी बाजारातच छातीत कळ येऊन ते गेले.

दिवाळीच्या सुमारास मोरीच्या ओलीवर गवत उठलं. शेजारच्या भाभी म्हणाल्या, "काकी, उपटून टाकते, डास होतील." मी म्हटलं, थांबा जरा. साताऱ्याकडे शेतात वाढलेली मी, पण मलाही आधी तो गहूच वाटला. मग पात देठाला धरते तिथं निरखून बघितलं, तर दोन लांब कान देठाला मिठी मारून बसलेले. गव्हाचे कान आखूड असतात. पुढे लांब कुसांची लोंबी आली. दाणा तळहातावर चोळला, तर साल काही सुटेना. म्हणजे जवच. त्यांच्याबरोबर काम करणारे एकजण भेटायला आले होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, शेवटचे आठ दिवस आम्ही जवाच्याच गाड्या उतरवत होतो."

मग मी कुणाला हात लावू दिला नाही. पिकल्यावर मूठभर दाणे डबीत ठेवले आणि पुढच्या थंडीत तिथंच पेरले. चांगले उगवले, पण ते मी पेरलेले होते. चार दिवस बघितलं आणि भाभींना म्हटलं, आता काढलंत तरी चालेल.