पडली आणि पाडली

आमच्या जव्हारच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या स्पीडगनवरून जुंपली आहे. एकाचं म्हणणं, पोलिसांची ती गाडी फक्त पावत्या फाडायला उभी असते. दुसरा लगेच वर्तमानपत्राचं कात्रण टाकतो, की बघा, वेग कमी झाला तसे अपघातही कमी झाले. तिसऱ्याला दोन्ही बाजूंचं काही पडलेलं नसतं, तो मध्येच गुलाबाच्या फुलावर शुभ सकाळ टाकतो. मी आधी सगळं वाचायचे. आता सोडून दिलंय, कारण वाचलं की डोकं माझं फिरतं आणि रक्तदाबाची गोळीही मलाच खावी लागते.

अहो, ती गाडी उभी कुठे असते ते तर बघा! सरळ, सपाट रस्त्यावर, चहाच्या टपरीशेजारी, झाडाच्या सावलीत. समोरून येणारा प्रत्येक जण दिव्यांची उघडझाप करून पुढच्याला सावध करतो, त्यामुळे तिथे सगळे कसे लग्नाच्या वरातीसारखे हळूहळू जातात. आणि मोखाड्याच्या दिशेने आमचं वळण येईपर्यंत पुन्हा सगळ्यांच्या पायाला खाज सुटते. शिरपामाळ बघून निघालेल्या पाहुण्यांसाठी तर नाशिकला जणू कोणी पाट मांडून खोळंबलंय.

त्या वळणावरच माझं घर. मी आरोग्य उपकेंद्रात सिस्टर होते, निवृत्त झाले आणि गावी न परतता इथेच राहिले. माणसं सवयीची झाली होती, दुसरं काय. समोर माझी शेजारीण राहते. तिला ना शेत ना बैल, जन्मभर रोजंदारी केली. मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी याच वळणावर एका गाडीने तिचा उजवा पाय मोडला. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. हातपंप रस्त्याच्या पलीकडे आहे, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा तरी ती रस्ता ओलांडते. येताना डोक्यावर भरलेला हंडा असतो, मान वळवता येत नाही, म्हणजे सगळा भरवसा कानांवर. आताच्या नव्या गाड्यांना आवाजही नसतो मेला. मी ओट्यावर बसून बघते आणि ती अलीकडे पोचेपर्यंत माझ्या हातातला चहा तसाच राहतो.

म्हणून मी गतिरोधकासाठी अर्ज केला. एक नाही, तीन केले. पहिला म्हणे मिळालाच नाही, दुसरा भलत्याच टेबलावर गेला. तिसऱ्या वेळी मी स्वतः एसटीने जव्हारला जाऊन बांधकाम खात्याच्या कचेरीत बसले आणि म्हटलं, आज उत्तर घेतल्याशिवाय हलत नाही.

साहेब म्हणजे तिशीतला पोरगा. फार गोड बोलणारा. अशा माणसांचा मला जास्त राग येतो, त्यांच्यावर धड ओरडताही येत नाही.

"मॅडम, तुमच्या वळणावर अपघातच होत नाहीत," तो म्हणाला.

"होत नाहीत? अरे, माझ्या डोळ्यांदेखत होतात!"

"रेकॉर्डवर एकही नाही. पोलिसांकडे नोंद नाही. मी तुमच्यासाठी म्हणून उपकेंद्रातूनसुद्धा माहिती मागवली. हे बघा."

त्याने झेरॉक्सचा गठ्ठा पुढे सरकवला. जुन्या रजिस्टरची पानं होती. नाव, वय, पाडा, इजा, कारण. कारणाच्या रकान्यात ओळीने लिहिलेलं: पडला. पडली. पडून मार. पडला. त्याने मान तिरकी करून विचारलं, "मॅडम, इतकी माणसं नुसती पडतात का हो तुमच्याकडे?" मी तावातावाने पानं जवळ ओढली आणि बघते तर ते लांब शेपटीचे 'ड' माझे होते. सगळी पानं माझ्याच अक्षरात.

तिथून बाहेर पडले तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि खरं सांगते, राग इथल्या पाड्यांवरच्या लोकांवर होता. वर्षानुवर्षं मी हेच बघत आले होते. गुडघे फुटलेले, बरगड्या ठेचलेल्या, एकाच्या पाठीवर तर टायरची नक्षी, आणि विचारलं तर म्हणायचे, पडलो. अपघात म्हटलं की पोलीस येणार, जबाब होणार, जव्हारला खेपा होणार, कामाचे दिवस बुडणार. शिवाय गाडीवाल्याने तिथल्या तिथे हात जोडलेले असले आणि यांनी 'जाऊ दे' म्हटलेलं असलं, की झालं, शब्द दिला! मग त्या शब्दापायी पाय वाकडा झाला तरी चालेल. एसटीत मी स्वतःशीच इतकी पुटपुटत होते, की शेजारची बाई उठून मागे जाऊन बसली.

उतरले ती तडक शेजारणीच्या दारात गेले. ती सुपात नागली निवडत होती.

"काय गं, त्या दिवशी तुझ्या तोंडाला काय झालं होतं? गाडीने उडवलं म्हणून सांगायला काय झालं होतं? पडली म्हणे! आता भोग!"

तिने शांतपणे एक खडा वेचून बाहेर टाकला. "मी नाय बोलली पडली."

"खोटं बोलू नकोस. मी लिहिलंय ना."

"तुमी लिवलं, शिस्टर. मी बोलली, मना पाडली."

"काय?"

"पाडली. गाडीनं पाडली. तुमी लिवलं आन् वाचून दाखवलं, पडली. मी परत बोलली, पाडली. तं तुमी बोललात, हो हो, तेच."

हो हो, तेच. मी असंच म्हणते. आजही म्हणते. माझ्या तोंडातलं ते बोलणं तिच्या तोंडून ऐकलं आणि मी तिच्यासमोर उंबऱ्यावर टेकले.

"मग भांडायचं नाहीस का माझ्याशी?"

"तुमी घाईत व्हत्या. पोरांना सुया द्यायचा दिस व्हता तो." आणि मग मला समजावत म्हणाली, "शिस्टर लिवते ती बरोबरच आसंल, आसं वाटलं मना."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. माझं मन तेवढ्यावरही गप्प बसेना. खरंच ऐकू आलं नव्हतं का? इथली माणसं शब्द जरा वेगळे उच्चारतात, मी घाटावरची, तेव्हा मी त्यांचं बोलणं मनातल्या मनात सुधारून घ्यायचे, हे खरं. पण तिच्या लुगड्यावर टायरचा काळा पट्टा होता, तो तर मी डोळ्यांनी बघितला होता. पाडली लिहिलं असतं, तर पोलिसांना कळवणं आलं, वेगळा कागद आला, आणि बाहेर लसीसाठी पोरं रडत होती. एक काना गाळला की अर्धा दिवस वाचत होता. काही माणसं खरोखरच पडलो म्हणाली असतील. पण किती जणांना मी हो हो, तेच म्हणून वाटेला लावलं, हे आता मला कोण सांगणार? लाज वाटली. अजून वाटते.

दुसऱ्या दिवशीपासून मी लाल छत्री घेऊन वळणावर उभी राहायला लागले. ती हंडा घेऊन निघाली की मी छत्री उघडून रस्त्यात आडवी उभी राहते. गाडीवाले कचकन ब्रेक मारतात, शिव्या देतात. एकजण काच खाली करून म्हणाला, "आजी, मरायचंय का?" मी म्हटलं, "मेले तर नीट लिही रे बाबा, काय झालं ते!" त्याला काही कळलं नाही.

पण मी किती दिवस पुरणार? म्हणून चौथा अर्ज लिहिला. त्यात स्पष्ट लिहिलं, की मी तेव्हाची सिस्टर, रजिस्टरमधली नोंद माझी, नोंद चुकीची आहे. ही बाई पडली नव्हती. हिला गाडीने पाडली. ती जे बोलली ते मी लिहिलं नाही. खाली माझी सही केली आणि शेजारणीने अंगठा उठवला. दोघी एसटीने जव्हारला गेलो. कचेरीचा जिना चढताना तिला कठड्याला धरून पायरी पायरी थांबावं लागलं, आणि वर पोचेपर्यंत माझ्याने तिच्याकडे बघवलं नाही.

टेबलावरच्या कारकुनाने अर्ज वाचला आणि लाल पेन काढलं.

"बाई, हे चुकलंय. 'हिला पाडली' असं होत नाही. शुद्ध लिहायला हवं. थांबा, मीच दुरुस्त करून देतो."

पेन त्या शब्दावर टेकणार इतक्यात मी त्याचा हात धरला. अख्खी कचेरी आमच्याकडे बघायला लागली. शेजारीण माझा पदर ओढत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या शिस्टर, ते लिवतील ते बरोबरच आसंल."

"नाही," मी म्हटलं. आवाज चढला, चढू दे. "दादा, बाकी तुम्हाला हवं ते सुधारा. फक्त त्या कान्याला हात लावू नका."