चुकीची बंदूक
शिलाई मशीनला तेल घातलं की त्या वासानं मला गारखेड्यातल्या घरातली एक उन्हाळ्याची दुपार आठवते आणि अजूनही जीव थाऱ्यावर राहत नाही. दादा सीमेवर होता, बरेच दिवस त्याचा फोन नव्हता, आणि टीव्हीवर नेमका बासष्टच्या लढाईचा सिनेमा लागला होता. कूलरमधलं पाणी संपून नुसती खडखड चालली होती, पण उठायचं कुणाला सुचत नव्हतं. आई मोबाइल पुन्हापुन्हा पदरानं पुसत होती. बाबांची सगळी नोकरी पोलिसांच्या शस्त्रागारात झालेली. त्यांच्या हातांना असाच तेलाचा वास यायचा. पडद्यावर एक जवान कोसळला तसे ते म्हणाले, "ही एसएलआर हाय. बासष्टला आपल्याकडं थ्री नॉट थ्री होत्या, ही नंतर आली. चुकीची बंदूक दिली त्याला." आईनं विचारलं, "म्हंजी हे सगळं खोटंच ना?" "खोटंच," बाबा म्हणाले, तेव्हा कुठं आईनं श्वास सोडला. मग बर्फात एक कोवळा पोरगा दिसला, दादाच्याच चणीचा. प्रत्येक गोळीनंतर हातानं बंदुकीचा बोल्ट मागं ओढत ओढत तोही पडला. "अहो, ही बी चुकीचीच ना?" बाबांनी आधी माझ्याकडं पाहिलं, कारण त्या बोल्टवरून थ्री नॉट थ्री ओळखायला त्यांनीच मला शिकवलं होतं. "व्हय," ते म्हणाले, "ही बी चुकीची." दादा पुढं सुखरूप घरी आला, पण लढाईचा सिनेमा लागला की मी अजून आधी बंदूकच बघते, आणि ती बरोबर निघाली की उठून कूलरमध्ये पाणी ओतायला जाते.