रुई रक्त पीत नाही

"इथं साहित्य शिकवतात, गाद्या भरत नाहीत. हे उचल आणि बापाच्या दुकानात जाऊन बस."

सर हे बोलले तेव्हा त्यांच्या टकलावर रुई होती. माझीच. धुळ्याच्या कॉलेजात एम.ए.चा सेमिनार, विषय युद्धकादंबरीतली प्रतीकं. प्रात्यक्षिक दाखवायचं म्हणून मी नशिराबादहून मूठभर रुई आणली आणि चालू पंख्याखाली पिशवी उघडली. पिंजाऱ्याचा पोरगा मी. आमच्या दुकानात भर मे महिन्यातही पंखा लागत नाही. तेवढी अक्कल घरी ठेवून आलो होतो.

वर्ग हसला. मीही हसलो. सवयच होती.

मुद्दा साधा होता. नेमलेल्या कादंबरीत लष्करी डॉक्टर नवी रजई फाडतो आणि जखमी शिपायाच्या पोटात रुई कोंबतो. गाइडात होतं, सरांनीही सांगितलेलं: पांढरी रुई म्हणजे शांतीचं प्रतीक. तो उतारा मी घरी मोठ्यानं वाचला, तर अब्बा हातातलं काम थांबवून म्हणाले, "रजई की रुई खून पीती नई, बेटा. ऊपर से बह जाता." पाण्याच्या पेल्यात टाकून दाखवली. कच्ची, तेलकट रुई ती; दवाखान्यातल्या धुतलेल्या कापसासारखी भिजेना, तरंगत राहिली.

तेव्हा कळलं. शिपाई मरणार हे डॉक्टरला ठाऊक आहे. उपचाराचं नुसतं सोंग करतोय, त्याला धीर यावा म्हणून. पुढच्याच पानावर तो शिपायाला घरचा पत्ता विचारतो. शांती कसली? उपरोध आहे तो. जीवघेणा. निबंधात मी तेच लिहिलं होतं.

सरांनी माझा निबंध माझ्यापुढे सरकवला. "हा परिच्छेद खोड. शांती लिही. नाहीतर सेमिनारला शून्य."

आणि मी पेन काढलं. खरी चूक ही. पंखा परवडला. दोन ओळी खोडल्यासुद्धा. तिसरीत अब्बांचं वाक्य होतं. पेन टेकलं, पुढे जाईना. कान तापले.

"नाही खोडत, सर."

"काय म्हणालास?"

"पेलाभर पाणी मागवा. खोटं ठरलं तर खोडतो."

पाणी कोणी आणलं नाही. सर रुमालानं डोकं पुसत म्हणाले, "तुम्हा लोकांना वर्गात घेतलं की हे असं होतं."

या वेळी मी हसलो नाही.

बाहेर पायरीवर बसून खोडलेल्या दोन्ही ओळी पुन्हा लिहिल्या. संदर्भांच्या यादीत शेवटी अब्बांचं नाव घातलं, पुढे लिहिलं: पिंजारी, नशिराबाद. परत आत जाऊन निबंध सरांच्या टेबलावर ठेवला.

शून्य येईल. येऊ दे. परत लिहायला लावतील तेव्हा हाच परिच्छेद लिहीन. याच यादीसकट.