टोपलीची जागा

भटक्या प्राण्यांच्या निवाऱ्यातली ही मांजर कायमचं घर मिळेपर्यंत आमच्याकडे राहायला आली आहे. दाराची बेल वाजली, की ती उठते आणि तिला ज्या टोपलीतून आणलं होतं, तिच्यात आपणहून जाऊन बसते. बाहेर दूधवाला असो, नाहीतर इस्त्रीवाला.

शेजारच्या काकू कौतुकानं म्हणाल्या, "किती गुणी गं बाई ही!"

मला मात्र त्या गुणीपणानं कसंतरीच होतं. किती घरांतून उचलून नेलं असेल, तेव्हा कुठे अंगी एवढं शहाणपण आलं असेल?

शेवटी मी ती टोपली माळ्यावर टाकली. आज काकूंनी बेल वाजवली. मांजर उठली, कोपऱ्यात गेली आणि टोपली असायची तेवढ्याच जागेत अंग चोरून बसली.