चपलांची राखण

गेल्या रविवारी रोलर कोस्टरच्या रांगेत उन्हात तापलेल्या चपलांचा वास आला आणि माझं डोकंच फिरलं.

लग्नानंतरची पहिली सहल, ह्यांच्या पिंपरीच्या कंपनीची. अशाच रांगेत ह्यांनी चपला काढून माझ्यापुढं ठेवल्या. मागोमाग अख्ख्या शिफ्टनं ठेवल्या. "वहिनी, एवढं बघा हां!" घड्याळं, पाकिटं, गॉगल, सगळं माझ्या मांडीवर. वर गाडी धडधडत होती, पुरुष बोंबलत होते, आणि मी दिवसभर त्या ढिगाऱ्यापाशी. तुला बसायचंय का, एकानंही विचारलं नाही. किती विश्वास माझ्यावर, म्हणून मी सुखावले होते! विश्वास कसला, डोंबल!

पुढच्या काही वर्षांत मी हट्टानं सगळ्या गाड्यांत बसले. जुनी खडखडणारी गाडी हाडं खिळखिळी करते, पण मजा देते. गोल उलटी फिरवणारी नुसती दिखाऊ, सुरू होते न होते तोच संपते. पाय अधांतरी लोंबकळवणारी, तीच खरी.

रविवारी तिच्यासाठीच उभी होते. लेकानं चपला काढून सुनेपुढं सरकवल्या. "तू सांभाळ गं, तुला झेपणार नाही."

मी माझ्या चपला काढून त्याच्या हातात दिल्या. सुनेच्याही दिल्या.

"बस इथं," म्हटलं. "आम्ही येतो."