पाठवणीची अठ्ठेचाळीस चित्रं

पन्नासच्या दशकात मी अंधेरीच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. आमच्या खालच्या मजल्यावर एक दिग्दर्शक राहायचे. एका रविवारी ते वर आले आणि म्हणाले, "बाई, एक प्रसंग मला डोळ्यांसमोर दिसतोय, पण युनिटला समजावता येत नाही. काढून द्याल?"

प्रसंग पाठवणीचा होता. नवरी माहेरच्या अंगणातून निघते आणि होडीत बसून सासरी जाते. मी विचारलं, "ती मागे वळून कधी बघते?"

ते म्हणाले, "होडी सुटल्यावर."

हे काम आपल्याला जमणार, हे मला तेव्हाच कळलं. कॅमेऱ्याला जे जे दिसायला हवं, ते मी एकेका चौकटीत काढलं. अठ्ठेचाळीस चित्रं झाली. याला स्टोरीबोर्ड म्हणतात, हे फार नंतर कळलं.

शूटिंग मढच्या समुद्रकिनाऱ्यावर होतं. कॅमेरामन मुरलेले गृहस्थ. चित्रांकडे ओझरतं बघून म्हणाले, "कॅमेरा मी लावायचा की तुमच्या पेन्सिलीनं?"

"तुम्हीच लावा," मी म्हटलं, "पण कुठे लावायचा ते यात आहे."

सकाळी अंगणातले आणि दुपारी होडीतले शॉट घ्यायचं ठरलं होतं. पण किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या कोळणीनं सांगितलं, "पाणी उतरतंय, बाई. दुपारी होडी चिखलात बसेल." दिग्दर्शक मटकन खाली बसले. मी चित्रं वाळूवर पसरली आणि ज्यांत पाणी दिसत होतं ती चौदा वेगळी काढली.

"ही आधी घेऊ. अंगण कुठे पळून जातंय?"

नवरीचं काम करणारी नटी वैतागली. "अजून घरातून निघालेच नाही, तर रडू कशी?" मी तिला आईला मिठी मारतानाचं चित्र दाखवलं. तिनं ते बराच वेळ पाहिलं आणि होडीत जाऊन बसली.

एक चित्र मात्र माझं चुकलं होतं. त्यातल्यासारखं दिसायला कॅमेरा भर पाण्यात उभा करावा लागला असता. कॅमेरामननी ते बरोबर पकडलं. मी चूक कबूल केली. त्यांनी दुसरी होडी मागवून कॅमेरा तिच्यात बांधला, आणि तो शॉट माझ्या चित्रापेक्षा सरस झाला.

दुपारी अंगणातून नवरी निघायची होती, तेव्हा कॅमेरामनच मला शोधत आले. "बाई, सकाळी होडीत नवरीच्या कुठल्या हातात नारळ होता?"

"डाव्या."

सिनेमा लागला तेव्हा मी शाळेतल्या दोन शिक्षिकांना घेऊन गेले. नवरीनं होडीतून मागे वळून पाहिलं आणि शेजारच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी ताठ बसून पडद्याकडे बघत होते. पुढच्या वर्षी मी शाळेत अर्ध्या दिवसाचं काम मागून घेतलं, आणि उरलेल्या वेळात सिनेमे काढू लागले, कागदावर.