मशीनच्या आवाजाला पाचपैकी पाच

"हळू बोला वन्सं, कानात घातलंय तिनं. आता मशीन नको."

आई हे आत्याला म्हणाली आणि मला ते स्पष्ट ऐकू आलं. कुवेंपुनगरातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मधोमध एक पडदा आहे. पडद्याच्या एका बाजूला खिडकीपाशी आईचं शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला माझं टेबल आणि लॅपटॉप. मी नव्या इयरबड्सची परीक्षा घेत होते. बाहेरचा आवाज अडवतात म्हणूनच ते घेतले होते. पण बोटानं जरा वेळ दाबून धरलं की उलट बाहेरचं सगळं आत घेतात, अशीही एक सोय त्यांत होती. त्या सकाळी मी नेमकी तीच तपासत होते. आईला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्या कानात पांढरं काही दिसलं की तिच्या लेखी मी मीटिंगमध्ये.

"मग शिवायचं कधी गं?" आत्या कुजबुजली. आत्या कुजबुजते तेव्हा इतर लोक बोलतात तेवढा आवाज येतो. "दसरा काय तुझ्या पोरीच्या मीटिंगा संपायची वाट बघत बसणार आहे? अय्यो, हा ढीग बघ!"

"ती ऑफिसला जाते त्या दोन दिवसांत होतं की. परवागिल्ला, चालतंय."

"कसलं परवागिल्ला! तुझ्या गिऱ्हाइकांतल्या दोघी परवा माझ्या शिलाईच्या दुकानात आल्या. अक्कांनी शिवणं सोडलं का, म्हणून विचारत होत्या. मशीन बन्नीमंटपला माझ्याकडे आणून टाक. तूही ये, तिथं बसून मोकळेपणी शिव. इथं सुम्ने, उगाच त्याच्याकडे बघत बसण्यापेक्षा बरं. शुक्रवारी टेंपो घेऊन येते."

आईनं कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आयतु, ठीक आहे. या."

मी स्क्रीनवरची नजर हलवली नाही. ऐकून न ऐकल्यासारखं बसणं मला शाळेपासून जमतं.

इयरबड्स घ्यायचं कारण महिनाभर आधीचं. एका मीटिंगमध्ये माझी बोलायची पाळी आली, मी माइक चालू केला आणि पडद्यापलीकडून मशीन धडधडलं. कुणीतरी म्हणालं, "कुणाकडे बांधकाम चाललंय का?" सगळे हसले. वाईट हसले नाहीत, नुसते हसले. ते माझ्या आईचं मशीन आहे, एवढं एक वाक्य मला सांगता आलं असतं. मी माइक बंद केला आणि माझं उत्तर लिहून पाठवलं. तेव्हा माझ्याकडे इयरबड्स नव्हते. ते हसणं लॅपटॉपमधून खोलीभर ऐकू गेलं होतं. आई शाळेत इंग्रजी शिकली नसली तरी हसणं कुणाबद्दल आहे ते तिला कळतं. आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही.

मग मी पंधरा दिवस लोकांची मतं वाचली आणि हे इयरबड्स मागवले. दहा दिवसांत परत करता येतील असं लिहिलं होतं, म्हणून मी एक वही केली. रोज एक आवाज, पाचपैकी गुण. आधी कानात बसवायच्या रबरी टोप्या: मधल्या मापाच्या सैल होत्या, बारीक घातल्यावर नीट बसल्या आणि तेवढ्यानंच अर्धा फरक पडला. पंखा: पाच. मिक्सर: चार. हिनकलकडे ऑफिसला जाताना बसचं इंजिन: चार. बसमध्ये पहिल्यांदा लावले तेव्हा माझे खांदे आपोआप खाली आले. इतकी वर्षं ते वर उचललेले होते हेच मला माहीत नव्हतं. कुकरची शिट्टी: दोन. माणसांचं बोलणं: दोन. एकसारखा चालणारा आवाज ते छान पुसतात, अचानक येणारा त्यांना पकडता येत नाही. स्कूटरवर मी ते लावलेच नाहीत. हॉर्न ऐकू न येण्याला मी गुण देणार नव्हते. तीन तासांनी डावा कान दुखू लागतो, हेही लिहिलं.

आणि शिलाई मशीन: पाच. खाली मी रेघ मारून लिहिलं होतं, "हेच सर्वांत उत्तम."

आत्या गेल्यावर मी ते पान उघडून बसले. मशीन तर सारखं थांबतं आणि सुटतं. बाहीचा गोल आला की दोन टाके, थांब, पुन्हा चार टाके. शिट्टीला दोन गुण मिळवणाऱ्या वस्तूनं मशीनला पाच कसे मिळवले, हा प्रश्न मला सहा दिवसांत एकदाही पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग नसताना मी आईला दिसेल असा एक इयरबड कानात घातला. शिवण अर्धी असताना मशीन थांबलं. काढला. मशीन सुरू झालं. पुन्हा घातला, थांबलं. तिसऱ्यांदा काढला तेव्हा पडद्याच्या कडेनं आईचं डोकं आत आलं. "संपली मीटिंग, पुट्टी?"

"हो," मी म्हणाले.

तिच्या पायाशी जुन्या चादरीखाली ब्लाउजांचा ढीग होता. चादर आधी तिथं नसायची. वहीतल्या पाचावर मी काट मारली. ते गुण आईचे होते.

बोलायला हवं होतं. त्या मशीनवर आई माझ्या जन्माआधीपासून त्याच खिडकीच्या उजेडात शिवते. गल्लीतल्या बायका कापड घेऊन येतात, मापाच्या निमित्तानं बसतात, कन्नडमध्ये अर्धं आणि मराठीत अर्धं असं सगळं जग सांगून जातात. बन्नीमंटपला तिला रोज बस बदलून जावं लागणार, तिथं भिंतीकडे तोंड करून दुसऱ्याच्या गिऱ्हाइकांचं शिवावं लागणार. हे सगळं मला इंग्रजीत नीट मांडता येत होतं. पण आईशी मी इंग्रजीत बोलत नाही, आणि माझी घरातली मराठी म्हणजे जेवण, किल्ली, गीझर आणि "येते मी" एवढीच. पुण्याहून आलेल्या एका चुलत बहिणीला माझी वाक्यं फार गमतीची वाटली होती. तेव्हापासून ती वाक्यं आणखी आखूड झाली. बुधवारी जेवताना मी मनाशी वाक्य जुळवलं, तोंड उघडलं आणि म्हणाले, "सांबार छान झालंय."

आईनं चमचाभर चाखलं. "मीठच नाही त्यात."

गुरुवारी संध्याकाळी ती देवळात गेली. ती गेल्यावर मी तिच्या स्टुलावर बसले, अस्तराचा एक तुकडा सुईखाली सरकवला, इयरबड्स लावले, त्यांच्याच माइकवरून फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि पायानं मोटारीचं पेडल दाबलं. मशीन पळालं. मी सरळ शिवायचा प्रयत्न करत मोठ्यानं माझ्या कामाचा अहवाल म्हणत होते. आवाज गेला नाही. पण लांब गेला, दोन घरं सोडून कुणी शिवत असावं तसा. मग रेकॉर्डिंग ऐकलं. माझा आवाज पुढे होता, स्वच्छ. मागे कुठेतरी एक बारीक घरघर. कुणी बांधकाम म्हणालं नसतं. म्हणालं असतं तरी माझं बोलणं त्याला कळलं असतं. वहीत लिहिलं: कानाला तीन, माइकला चार. परत करायचे नाहीत.

तेवढ्यात अस्तर अडकलं. मी ओढलं, दोरा खाली गुंतून त्याचं घरटं झालं. मी तुकडा कापून काढला, स्टूल जागेवर ठेवलं आणि माझ्या बाजूला जाऊन बसले.

आईनं आल्यावर दिवा लावला आणि मशीनकडे पाहिलं. "हात कुणी लावला याला?"

मी कानात इयरबड्स घालून ऐकू न आल्यासारखं केलं. ती काही वेळ बॉबिनमधले दोरे चिमट्यानं ओढत राहिली. मग स्वतःशीच हसली. "नेण्याआधी बिघडवून ठेवलंय," म्हणाली. त्या आवाजात मला काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी साडेदहाला माझी आठवड्याची मीटिंग असते. आत्या दहा चाळीसला टेंपो घेऊन आली. मी लॅपटॉपसमोर होते, कानात इयरबड्स, बाहेरचं आत येऊ देणारी सोय चालू. आत्या दारातूनच म्हणाली, "चल गं, झाकलंस का मशीन? तो टेंपोवाला घाई करतोय."

"पाच मिनिटं, वन्सं. कानात घातलंय तिनं. उचलताना आवाज होईल."

"अय्यो देवा, आता उचलायचंही हळू!"

मी मान जराशी वळवली. पडदा अर्धा सरकलेला होता. आईनं मशीनवर कव्हर घातलं होतं आणि त्यावर हात ठेवून ती उभी होती. रिकाम्या हातानं काय करायचं हे माहीत नसल्यासारखी ती कव्हरची सुरकुती सारखी करत होती. मापाचा टेप अजून गळ्यात होता. तो काढायचा राहिला होता की काढवला नव्हता, कोण जाणे.

स्क्रीनवर माझं नाव पुकारलं गेलं. या आठवड्याचं काम सांगायची माझी पाळी होती. एरवी मी माइक चालू करते, दोन वाक्यं बोलते आणि बंद करते. मी माइक चालू केला. खोलीत शांतता होती, मी वहीत पाच गुण दिले होते तीच.

"एक मिनिट," मी त्यांना इंग्रजीत म्हणाले. माइक मी बंद केला नाही. हात लांब करून पडदा पूर्ण सरकवला आणि आमच्या घरातल्या मराठीत, जशी येते तशी, म्हणाले, "आई, ते कव्हर काढ. मला चालतं. मी काल शिवून बघितलं ना, मी बोलते तेव्हा तूपण शिव. आत्या, टेंपो बेडा, परत पाठव."